पडल्याची वही

माझ्या डाव्या कोपरावर एक व्रण आहे. पाच रुपयांच्या नाण्याएवढा, जरासा लांबट. तिसरी-चौथीच्या मुलांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही. डाव्या हातात पुस्तक धरून मी फळ्यावर लिहायला लागले, की पहिल्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "बाई, तुम्हाला काय लागलंय?"

दोन वर्षं मी एकच उत्तर देत होते. "अरे, तव्याचा चटका बसला."

बालमित्रांनो, ही चक्क थाप होती. 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणारी मी, त्याच फळ्यापुढे उभी राहून थाप मारत होते! खरं काय ते सांगायला मला दोन वर्षं लागली. आणि तेही मला शिकवलं, ते आयुष्यात एकही शर्यत न जिंकलेल्या एका मोटरसायकल रेसरनं.

त्याचं असं झालं. मी राहते बदलापूरला आणि माझी शाळा अंबरनाथला. मधलं अंतर फार नाही, पण सकाळची कर्जतहून येणारी लोकल म्हणजे चढता आलं तर उतरता येईल याची खात्री नाही! म्हणून मी हप्त्यावर एक स्कूटर घेतली. चालवायलाही शिकले, म्हणजे शिकले असं मला वाटत होतं. जुलै महिना होता. पाऊस भुरभुरत होता. घरातून निघायला पाच मिनिटं उशीर झालेला. चिखलोलीजवळ एका वळणावर समोर अचानक कुत्रं आलं. मी घाबरून उजव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला आणि पुढचं चाक असं काही सरकलं, की जणू कोणी पायाखालची सतरंजी ओढली. गाडी एकीकडे, मी एकीकडे आणि डबा तिसरीकडेच!

दोन रिक्षावाले धावत आले. त्यांनी मला उठवलं, गाडी उभी केली. आणि मी पहिलं काय केलं असेल, सांगा पाहू? कुठे लागलंय ते बघितलं? छे! ओळखीचं कोणी बघत तर नाही ना, ते आधी बघितलं. मग ओढणीनं कोपर झाकून घेतलं आणि तशीच शाळेत गेले. घरी सांगितलं, "गर्दीत खरचटलं." शाळेत सांगितलं, "चटका बसला." एक पडणं आणि दोन थापा.

गाडीला मात्र ओढणी गुंडाळता येत नव्हती. तिची ब्रेकची लिव्हर वाकली होती, आरसा फुटला होता. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेज कसलं, एका शटरची अंधारी खोली. बाहेर जुन्या टायरची उतरंड. मालक साठीच्या घरातले सिंधी गृहस्थ. गिऱ्हाइकाशी मराठीत, पोऱ्याशी हिंदीत आणि फोनवर सिंधीत बोलणारे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागले.

"कशी पडलात मॅडम?" त्यांनी विचारलं.

"मागून कुणीतरी धक्का दिला," मी म्हणाले. ही तिसरी थाप!

काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले. उकिडवे बसले. डाव्या बाजूच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं, मागचा दिवा बघितला, मागचा मडगार्ड बघितला. मग शांतपणे म्हणाले, "मागे एक रेघसुद्धा नाही. वळताना पुढचा ब्रेक मारलात. ओला रस्ता होता. मॅडम, माणूस खोटं बोलतो. गाडी खोटं बोलत नाही."

माझा चेहरा असा काही उतरला, की त्यांनी पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं.

चहा येईपर्यंत त्यांनी मला एक गोष्ट समजावली. ती तुम्हा सायकलवाल्यांच्याही कामाची आहे. टायर रस्त्याला धरून ठेवतो, त्या पकडीला एक मर्यादा असते. समजा, ती पकड म्हणजे एक भाकरी आहे आणि ती मागणारी दोन भावंडं आहेत. एकाचं नाव वळणं आणि दुसऱ्याचं नाव थांबणं. गाडी सरळ चालली असेल, तर सगळी भाकरी 'थांबण्या'ला देता येते. पण गाडी वळत असताना अर्धीअधिक भाकरी 'वळण्या'नं आधीच खाल्लेली असते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला, की भाकरी पुरत नाही आणि चाक निसटतं. पावसात तर भाकरीच लहान होते! म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर नाही.

"हे तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

काकांनी भिंतीवरच्या फळीकडे हात केला. पान्यांच्या डब्यामागून एक जाडजूड, तेलाच्या डागांनी काळवंडलेली वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

तरुणपणी काका मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घेत. डांबरी ट्रॅकवर नव्हे, मातीत. माळावर उंचवटे आणि खड्डे करून त्यावरून गाड्या उडवायच्या, त्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. पुण्याकडे ही शर्यत पूर्वीपासून लोकप्रिय आहे. काकांकडे यामाहा आर. एक्स. १०० होती. आठवडाभर गॅरेजमध्ये काम करायचं, रात्री गाडी उघडायची, रविवारी माळ गाठायचा.

मला वाटत होतं, रेसरचं आयुष्य म्हणजे झूम करून जायचं आणि करंडक उंचावायचा. वही चाळली आणि कळलं, की शर्यत ही त्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी गोष्ट. वीस मिनिटांची. बाकी सगळा अभ्यासच!

पहिला अभ्यास शरीराचा. पहाटे उठून पळणं, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठका. उंचवट्यांवरून जाताना रेसर सीटवर बसत नाही. पायठाशांवर उभा राहून, गुडघे वाकवून, सगळे धक्के पायांत झेलतो. हँडल धरून धरून हाताचे स्नायू असे ताठरतात, की बोटं वळेनाशी होतात आणि ब्रेकसुद्धा दाबवत नाही. आणि गंमत ऐका. काका रोज अर्धा तास गाडी अगदी हळू चालवत. पाय न टेकवता, माणूस चालेल त्याहूनही हळू! आपल्या शाळेच्या क्रीडा स्पर्धेत हळू सायकल चालवायची शर्यत असते ना, तीच ही. "जोरात तर कोणीपण चालवतो," काका म्हणाले, "ज्याला हळू चालवता येते, त्याची गाडी त्याचं ऐकते."

दुसरा अभ्यास गाडीचा. त्याला म्हणतात टेस्टिंग. वहीत पानंच्या पानं आकडे होते. टायरमध्ये हवा किती, कार्बोरेटरचा जेट कितवा, मागच्या चक्राला दाते किती आणि एका फेरीला सेकंद किती. मागच्या चक्राला दाते वाढवले, तर गाडीची ओढ वाढते पण पळण्याचा कमाल वेग कमी होतो. मऊ मातीत टायरची हवा थोडी कमी केली, तर टायर पसरतो आणि पकड वाढते. फेरी मारून आल्यावर काका स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघत. डॉक्टर जीभ बघतात ना, तसंच! फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट असेल तर कमी पडतंय आणि इंजिन तापतंय.

या सगळ्याचा एकच कडक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवाही बदलली आणि जेटही बदलला, तर फरक कशामुळे पडला हे कळणार कसं? मला एकदम आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले प्रयोग आठवले.

आणि तिसरा अभ्यास? वहीच्या मागच्या बाजूनं एक वेगळीच यादी सुरू होत होती. आडव्या रेघा, तीन रकाने आणि डावीकडे अनुक्रमांक. रकान्यांची नावं हिंदीत होती. 'कहाँ गिरा', 'क्यों गिरा', 'अब क्या करूँगा'. शेवटचा अनुक्रमांक होता ३८.

"अडतीस वेळा पडलात?" मी थक्क झाले.

"अडतीस लिहिलेले. वही घेण्याआधीचे मोजले नाहीत," काका हसत म्हणाले. "लिहिलं नसतं, तर त्याच वळणावर अडतीस वेळा पडलो असतो."

काका म्हणाले, पडायचंसुद्धा शिक्षण असतं. पडताना हात पुढे टेकवायचा नाही. कारण टेकलेल्या हातावरून सगळा मार खांद्याच्या पुढच्या आडव्या हाडावर, म्हणजे कॉलरबोनवर जातो. रेसर लोकांचं हे हाड मोडणं म्हणजे आपल्याकडे गुडघा फुटण्याइतकं नेहमीचं. गाडी निसटली, की तिचा मोह सोडायचा आणि हँडल सोडून द्यायचं. आणि घसरत असताना उठायची घाई करायची नाही. आपण थांबलो असं वाटतं, पण आपण अजून घसरतच असतो!

मी घरी आले ती ही वही डोक्यात घेऊनच. मग हाताला लागेल ते वाचत सुटले आणि मोठमोठ्या रेसरांची चरित्रं वाचताना माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या विजयाच्या गोष्टीत आधी एक पडल्याची गोष्ट असतेच असते.

बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेचंच बघा. २०१७ साली 'रेड दे हिमालय' या डोंगराळ शर्यतीत तिचं कॉलरबोन मोडलं. ती बरी झाली आणि २०१८ साली स्पेनमधल्या 'बाहा आरागॉन' शर्यतीत उतरली. तिथं ती अशी पडली, की पोटातल्या स्वादुपिंडालाच इजा झाली. पण २०१९ साली ती पुन्हा त्याच स्पेनमध्ये, त्याच शर्यतीत गेली. तिथं पहिली नाही, महिलांमध्ये पाचवी आली. पण दुबई, पोर्तुगाल, स्पेन आणि हंगेरी या सगळ्या ठिकाणचे मिळून तिचे ६५ गुण झाले, दुसरीचे ६१. अवघ्या चार गुणांनी ती महिलांच्या गटात जगज्जेती ठरली! मोटरस्पोर्टमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय.

केरळमधल्या शोरनूरचा हरिथ नोआ. डकार रॅली ही जगातली सगळ्यांत खडतर शर्यत समजली जाते. पूर्वी ती पॅरिसहून निघून आफ्रिकेतल्या डकार शहरापर्यंत जायची. २०२० पासून ती सौदी अरेबियाच्या वाळवंटात होते. दोन आठवडे, हजारो किलोमीटर, रोज नवा रस्ता. रस्ता तरी कसला, खुणांचा नकाशा बघत वाळूतून शोधायचा. आपले मराठी आशिष रावराणे, जे मर्चंट नेव्हीतले, तेही २०२१ साली या रॅलीत उतरले होते. तर, जानेवारी २०२३ मध्ये रॅलीच्या सुरुवातीलाच हरिथ पडला आणि त्याच्या पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. जानेवारी २०२४ मध्ये तोच हरिथ मोटरसायकलस्वारांत अकरावा आला आणि 'रॅली २' या आपल्या गटात पहिला! डकारमध्ये गटविजेता ठरलेला तो पहिला भारतीय.

पण सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते स्पेनच्या मार्क मार्केझनं. १९ जुलै २०२० रोजी शर्यतीत पडून त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि आठवडाही उलटला नव्हता तोच हा पठ्ठ्या पुन्हा गाडीवर! ती घाई फार महाग पडली. हाडात बसवलेली पट्टी मोडली, पुन्हा ऑपरेशन, मग पुन्हा. एकूण चार ऑपरेशनं झाली. २०१९ नंतर त्याला पुढचं जगज्जेतेपद मिळालं ते थेट २८ सप्टेंबर २०२५ रोजी. पडल्यामुळे जेवढं नुकसान झालं, त्याहून जास्त 'मला काही झालेलं नाही' असं म्हणण्यामुळे झालं.

एवढं सगळं मी वाचलं. पण वाचणं वेगळं आणि वागणं वेगळं. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी विचारलंच, तर माझं उत्तर ठरलेलं होतं, "चटका बसला."

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवारी शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना एक वही हाती आली. चौथीतल्या एका हुशार मुलाची. अक्षर एरवी मोत्यासारखं. त्या दिवशी मात्र मुंग्यांची रांग फुटावी तसं विखुरलेलं. मी त्याच्याजवळ गेले. तो डाव्या हातानं लिहीत होता. उजवा हात दप्तराखाली.

"काय झालं रे हाताला?"

"काही नाही बाई. दारात बोट चेमटलं."

किती पटकन आलं ते उत्तर! विचार न करता, खाली मान घालून. मला एकदम तव्याचा चटका आठवला. खोटं बोलणाऱ्याला खोटं बोलणारा बरोबर ओळखतो.

मी दप्तर बाजूला केलं. मनगट टम्म सुजलं होतं. त्याला व्हरांड्यात नेलं आणि म्हणाले, "मी रागावणार नाही. खरं सांग."

तो रडायलाच लागला. रविवारी त्याचा मोठा भाऊ मित्रांबरोबर बारवी धरणाच्या रस्त्याला गेला होता. याला मागे बसवून. तिथं मोकळा रस्ता बघून पोरांनी गाड्यांची शर्यत लावली. एका वळणावर वाळूवरून गाडी घसरली. भाऊ वाचला, हा हातावर पडला. आणि भावानं बजावलं, "घरी सांगायचं नाही. गाडी काढून घेतील." दोन दिवस आणि दोन रात्री नऊ वर्षांचं हे पोर मोडका हात लपवून हिंडत होतं. जेवताना म्हणे, भूक नाही असं सांगून उठायचं. कारण घास घेता येत नव्हता.

त्याची आई घरी जीन्सच्या पँटचे धागे कापायचं काम करते. मी त्याला घेऊन गेले तेव्हा तिच्याभोवती निळ्या पँटचा ढीग होता. सगळं ऐकून ती आधी घाबरली, मग संतापली. "सांगितलं का नाहीस?" असं म्हणत तिचा हात वर गेला.

"तू मारशील म्हणून," तो म्हणाला.

तो हात तसाच वर राहिला. मग हळूच खाली आला आणि त्याच्या डोक्यावरून फिरला. त्या खोलीत बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. ते म्हणाले, "मुलांची हाडं लवकर जुळतात. हे चांगलं, तसं वाईटही. आणखी आठवडाभर लपवला असतात, तर हात वाकडाच जुळू लागला असता."

रात्री मला झोप लागेना. त्या पोरानं लपवलं ते भीतीनं. मी लपवत होते ते कशानं? बाई पडल्या तर मुलं हसतील म्हणून! आमच्या वर्गात पडलेलं सांगायची सोयच नव्हती आणि तशी सवय लावणारी मीच होते.

बुधवारी वर्गात गेले आणि बाही वर केली. म्हटलं, "हा चटका नाही. मी स्कूटरवरून पडले होते. मी तुमच्याशी खोटं बोलले." वर्गात इतकी शांतता पसरली, की बाहेरचा पाऊस ऐकू येऊ लागला. मग एक मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, दुखलं होतं का?" कोणीही हसलं नाही. मी उगाच दोन वर्षं भ्याले होते!

पुढच्या शनिवारी मी गॅरेजमधल्या काकांना शाळेत बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही आणि ओरखडे पडलेलं जुनं हेल्मेट घेऊन आले. मुलांनी त्यांना नुसतं भंडावून सोडलं.

"काका, तुम्ही किती वेळा जिंकलात?"

"एकदाही नाही."

"मग कशाला जायचात?"

"मागच्या रविवारपेक्षा एक सेकंद कमी लागला, की घरी पेढे न्यायचो."

मग काकांनी झेंड्यांची गोष्ट सांगितली. ट्रॅकच्या कडेला ठिकठिकाणी माणसं झेंडे घेऊन उभी असतात. कुणी पडलं, की पिवळा झेंडा हलतो. पिवळा झेंडा दिसला, की सगळ्यांनी वेग कमी करायचा आणि त्या टप्प्यात कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. पुढे जायची कितीही घाई असली तरी नाही! पडलेल्या रेसरला डॉक्टर तपासतात. डोक्याला मार लागला असेल, तर त्यानं 'मी ठीक आहे' म्हणून चालत नाही. डॉक्टरांनी हो म्हणावं लागतं. आता पुण्याला बालेवाडीत मोठ्या शर्यती होतात, असंही त्यांनी सांगितलं. २८ जानेवारी २०२४ रोजी तिथं सुपरक्रॉसची पहिली लीग सुरू झाली, तेव्हा मैदानात माती आणून उंचवटे रचले होते.

प्लास्टरवाला मुलगा शेवटच्या बाकावर होता. त्यानं डावा हात वर केला. "मग ट्रॅकवर कोणी मरत नाही का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मुलांशी खोटं बोलायचं नाही असं नुकतंच ठरवलं होतं. मी सांगितलं, "मरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा एक मुलगा शर्यतीत पडला आणि गेला. तुमच्याहून चार वर्षांनी मोठा. राहिलेल्या शर्यती रद्द केल्या."

काका हेल्मेट हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटा, तिथं झेंडेवाले होते, डॉक्टर होते, अँब्युलन्स होती, समोरून ट्रक येणार नव्हता. तरी असं झालं. मग बारवीच्या रस्त्यावर काय आहे, सांग. तिथं पिवळा झेंडा कोण दाखवणार?"

यावर कुणापाशीच उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणाच्या दादाला रस्त्यावर शर्यत लावावीशी वाटत असेल, तर त्याला हाच प्रश्न विचारा. आणि पालकहो, अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती मोटरसायकल देणं हा गुन्हा आहे. २०१९ पासूनच्या कायद्यात त्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अर्थात आमच्या या मुलाचा भाऊ अठरा पुरा होता. लायसन्स होतं. त्यामुळे शहाणपणही येतं असं मात्र नाही! त्याला काकांनीच गॅरेजवर बोलावून घेतलं. पहिला आठवडा एकच काम दिलं. रोज दहा गाड्यांच्या टायरची हवा मोजायची आणि वहीत लिहायची. तो वैतागला, पण टिकला.

आमच्या वर्गात आता एक दोनशे पानी वही दोरीनं टांगलेली आहे. मुलांनीच तिचं नाव ठेवलंय 'पडल्याची वही'. रकाने काकांचेच, फक्त मराठीत. कुठे पडलो? का पडलो? आता काय करीन? पहिली नोंद माझी आहे, "चिखलोलीच्या वळणावर. ओल्या रस्त्यावर वळताना ब्रेक दाबला. वळणाच्या आधीच वेग कमी करीन, त्यासाठी घरातून दहा मिनिटं लवकर निघेन." पुढच्या नोंदी वाचल्यात तर तुम्हालाही मजा वाटेल. एकीनं लिहिलंय, "जिन्यात पडले. दोन पायऱ्या एकदम उतरले. कठडा धरीन." एकानं लिहिलंय, "वजाबाकीत पडलो. हातचा विसरलो. हातचा वर लिहीन." एकानं तर लिहिलं होतं, "मला त्यानं ढकललं. आता मीच त्याला ढकलीन!" त्याला आम्ही समजावलं, की या वहीत फक्त आपलीच चूक लिहायची असते. दुसऱ्याची लिहायला त्याची त्याला जागा आहे.

वहीशेजारी एक पिवळा रुमाल काठीला बांधून ठेवलाय. मैदानात कोणी पडलं, की जवळ असेल त्यानं तो हलवायचा. मग खेळ थांबतो. हसायचं नाही. पुढे पळायचं नाही. आधी विचारायचं, "कुठे लागलं?"

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मूल पडून घरी आलं, तर पहिला शब्द 'धांदरट' किंवा 'बरं झालं' असा नसावा. रागावायला नंतर भरपूर वेळ मिळतो. आधी लागलंय कुठे ते बघा.

परवा मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना एक छोटी पडली. मी व्हरांड्यातून धावले, पण माझ्याआधी रुमाल हलत होता. तो धरला होता आमच्या त्याच मुलानं. प्लास्टर कधीच निघालंय. उजव्या हातात काठी घट्ट धरून, टाचा उंचावून तो रुमाल हलवत होता आणि सगळं मैदान थांबलं होतं.